तेराशे वर्षांचे नवे मंदिर

कोकणात किंवा मावळात ज्या गावांत जुनी घरे अजून उभी आहेत, तेथे वैशाख सरत आला की शाकारणीची घाई सुरू होते. घरातील कर्ता माणूस छपरावर चढतो, फुटकी कौले काढून नवी बसवितो, कुजलेला वासा बदलतो. गवताचे छप्पर असेल तर नवे गवत पेंढ्या बांधून चढविले जाते. हे काम दरवर्षी करावे लागते. एखाद्या वर्षी कंटाळा केला, तर आषाढातील पाऊस त्या कंटाळ्याचा जाब घरात शिरून विचारतो. अशी घरे शंभर शंभर वर्षे टिकलेली आपण पाहतो. त्यांतील भिंती जुन्या असतात, परंतु छपराचा बराच भाग पुन्हा पुन्हा बदललेला असतो.

मग घर टिकते ते कशामुळे? त्याच्या दगडामातीमुळे, की दरवर्षी छपरावर चढणाऱ्या माणसामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आज जपानातील एका मंदिराची हकिगत पाहू.

जपानच्या मिए प्रांतात इसे नावाचे नगर आहे. तेथील देवस्थानाला इसे जिंगू असे म्हणतात. लहानमोठी अशी १२५ मंदिरे या देवस्थानात मोडतात. त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. एक अंतर्मंदिर. ते आमातेरासु या सूर्यदेवतेचे असून इसुझु नदीच्या काठी, दाट वृक्षराजीत उभे आहे. दुसरे बहिर्मंदिर. ते तोयोउके या अन्नधान्याच्या देवतेचे आहे. संगमरवराची झळाळी, सोन्याचे घुमट, रंगीबेरंगी भिंती यांपैकी येथे काही दिसत नाही. अंतर्मंदिर म्हणजे लाकडाचे, न रंगविलेले, जमिनीपासून उंचावर उभारलेले आणि जाड गवताने शाकारलेले एक साधे, पण विलक्षण प्रमाणबद्ध घर आहे. जुन्या काळी धान्याची कोठारे ज्या धाटणीने बांधीत, तीच धाटणी या मंदिराची आहे.

या मंदिराचे वय किती, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. येथील परंपरा तेराशे वर्षांहून अधिक जुनी आहे. परंतु आज जी वास्तू उभी आहे, ती २०१३ साली बांधलेली आहे. कारण दर वीस वर्षांनी हे मंदिर पूर्णपणे नवे बांधावयाचे, असा तेथील नियम आहे. या विधीला शिकिनेन सेंगू असे नाव आहे. पहिला सेंगू इसवी सन ६९० मध्ये, सम्राज्ञी जितो हिच्या कारकिर्दीत झाला. २०१३ साली झालेला सेंगू बासष्टावा होता. त्रेसष्टावा २०३३ साली व्हावयाचा आहे.

यासाठी मंदिराच्या शेजारी शेजारी दोन सारख्या जागा राखलेल्या आहेत. एका जागेवर मंदिर उभे असते. दुसरी जागा पांढऱ्या गोट्यांनी आच्छादलेली, मोकळी असते. वीस वर्षे भरत आली की मोकळ्या जागेवर जुन्यासारखेच नवे मंदिर उभे राहते. जुन्या वास्तूकडे पाहून सुतारांनी नवी घडवावी, अशी ही योजना आहे. नवे सिद्ध झाले की रात्रीच्या शांत अंधारात देवतेचे नव्या मंदिरात स्थलांतर होते. त्यानंतर जुने मंदिर उतरविले जाते, आणि ती जागा पुढील वीस वर्षे आपल्या पाळीची वाट पाहत मोकळी राहते.

वीसच वर्षे का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे एक कारण बांधणीतच आहे. या मंदिराच्या खांबांखाली दगडी पाया नसतो. खांब थेट जमिनीत रोवलेले असतात. जपानात पाऊस भरपूर आणि हवा दमट. त्यामुळे जमिनीतील लाकूड ओल धरते व कालांतराने कुजू लागते. गवताचे छप्परही हळूहळू झिजते. लाकडाला रंगरोगण नसल्याने ऊन आणि पाऊस त्यावर थेट परिणाम करतात. दगडी पायावर लाकडी इमारत शतकानुशतके टिकविण्याची कला जपानी लोकांना अवगत नव्हती, असे मात्र नाही. नारा शहराजवळील होर्यूजी मठातील लाकडी वास्तू तेराशे वर्षे उभ्या आहेत. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. म्हणजे एकाच देशात टिकविण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी नांदले. होर्यूजीने लाकूड जपले. इसेने बांधण्याची कृती जपली.

ही कृती लहानसहान नाही. पूर्वतयारीला आठ वर्षे लागतात. २०३३ च्या सेंगूसाठी २०२५ सालीच विधींना आरंभ झाला. त्या वर्षी किसोच्या डोंगरातील अरण्यात हिनोकी वृक्ष विधिपूर्वक तोडण्यात आले. हिनोकी हा देवदारासारखा उंच, सरळ वाढणारा सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याचे लाकूड सुवासिक व टिकाऊ असते. हे पवित्र वृक्ष तोडताना लाकूडतोडे करवत वापरीत नाहीत. बुंध्याच्या तीन बाजूंनी कुऱ्हाडीने पोखरीत ते आत जातात व शेवटी झाड केवळ तीन जागी जोडलेले राहते. मग त्यांतील एक जोड तोडला की झाड नेमके ठरविलेल्या दिशेला पडते. झाड पडल्यावर त्याच्याच शेंड्याची एक डहाळी तोडून ती उरलेल्या खोडावर रोवतात आणि अरण्यापुढे मस्तक नमवितात. आपण घेतले आहे, याची जाणीव ठेवण्याची ही रीत किती हृद्य आहे!

एका सेंगूला सुमारे १०,००० हिनोकी वृक्षांचे लाकूड लागते. ते इसेला आले की नगरातील आबालवृद्ध दोरखंड हातात घेऊन ओंडके ओढीत मंदिराकडे नेतात. पुढे नवे मंदिर उभे राहिले म्हणजे हेच नागरिक मिया नदीच्या पात्रातील पांढरे गोटे वाहून आणतात व मंदिराभोवतीच्या आवारात स्वतःच्या हाताने ठेवतात. एरवी त्या आवारात कोणाला पाऊल टाकता येत नाही. ज्या मुलाने आजोबांचे बोट धरून गोटा वाहिला, तो वीस वर्षांनी आपल्या मुलाला घेऊन येतो. आणि पुढे कधी तरी आपल्या नातवाला.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी हात वर करील. तो म्हणेल, “गुरुजी, वीस वर्षांत मंदिर उतरवायचे आणि दहा हजार झाडे तोडायची, ही तर उधळपट्टी झाली!” त्याची शंका रास्त आहे, आणि तिचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

प्रथम जुन्या लाकडाचे काय होते, ते पाहू. उतरविलेल्या मंदिराचे लाकूड टाकून देत नाहीत. मुख्य मंदिराच्या आढ्याला आधार देणारे दोन मोठे खांब असतात. ते तासून त्यांची कमान करतात आणि ती इसुझु नदीवरील उजी पुलाच्या टोकाशी उभारतात. तेथे वीस वर्षे सेवा झाली की तेच लाकूड जुन्या राजमार्गावरील सेकी आणि कुवाना या गावांच्या कमानींसाठी जाते. तेथेही वीस वर्षे उभे राहिल्यावर ते अन्य मंदिरांच्या उपयोगी पडते. बाकीचे लाकूड देशभरातील देवळांना दुरुस्तीसाठी वाटले जाते. म्हणजे एका खांबाचे आयुष्य वीस वर्षांचे नसून साठ वर्षांहून अधिक असते; फक्त त्याची नोकरी बदलत जाते.

दुसरी गोष्ट कारागिरांची. विशीतला तरुण सुतार पहिल्या सेंगूत हाताखाली राबतो. लाकूड निवडणे, रंधा मारणे, सांधे जुळविणे तो पाहून शिकतो. चाळिशीत तो दुसऱ्या सेंगूची मुख्य कामे अंगावर घेतो. साठीला पोहोचला की तिसऱ्या सेंगूत तो नव्यांना शिकवितो. वीसऐवजी शंभर वर्षांचे अंतर असते, तर पूर्वीचे काम प्रत्यक्ष केलेला एकही सुतार पुढील कामाच्या वेळी हयात नसता. हातातील कसब पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते. हीच गोष्ट तलवारी घडविणाऱ्यांची, वस्त्रे विणणाऱ्यांची आणि पेट्या करणाऱ्यांची. कारण प्रत्येक सेंगूत देवतेसाठी ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू नव्याने घडविल्या जातात.

ही साखळी कधीच तुटली नाही काय? तुटली. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत जपानात यादवी माजली. सरदार एकमेकांशी लढत होते. मंदिरासाठी द्रव्य देणारे कोणी उरले नाही. सुमारे सव्वाशे वर्षे सेंगू झाला नाही. जुन्या वास्तूंची डागडुजी करून दिवस काढावे लागले. त्या सव्वाशे वर्षांत सुतारांच्या किती पिढ्या एकही मंदिर न उभारता निघून गेल्या असतील, याचा तुम्हीच हिशेब करा. अशा काळात केइको-इन मठातील सेइजुन नावाची एक भिक्षुणी पुढे आली. तिने गावोगाव फिरून, दारोदार मागून द्रव्य जमविले; आणि १५६३ साली बहिर्मंदिर पुन्हा उभे राहिले. अंतर्मंदिराचा सेंगू त्यानंतर १५८५ साली झाला. मंदिरांची मापे आणि विधी यांची इसवी सन ८०४ मधील लेखी नोंद उपलब्ध होती. तरीही पुन्हा उभ्या राहिलेल्या मंदिराचे काही बारकावे पूर्वीपेक्षा बदलले, असे अभ्यासकांचे मत आहे. लेखी मापे राहिली, पण मापांपलीकडचे जे सुताराच्या हाताला ठाऊक असते, ते सारे परत आले नाही.

विसाव्या शतकातही असा एक प्रसंग आला. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाला होता. नगरे बेचिराख झाली होती. १९४९ साली व्हावयाचा सेंगू पुढे ढकलावा लागला. तेव्हा लोक म्हणाले, मंदिर होत नसेल तर निदान उजी पूल तरी ठरलेल्या वर्षी नवा करू. त्याप्रमाणे १९४९ साली पूल झाला, आणि चार वर्षांनी, १९५३ साली मंदिर झाले. तेव्हापासून सेंगूच्या चार वर्षे आधी पूल बांधण्याची रीतच पडली.

आता उरला प्रश्न अरण्याचा, आणि माझ्या मते या हकिगतीतील सर्वांत महत्त्वाचा धडा येथेच आहे. प्रारंभीच्या काळात मंदिराचे लाकूड जवळच्याच डोंगरांवरून येत असे. पिढ्यान्‌पिढ्या मोठी झाडे तोडली गेली, पण तेवढ्याच निष्ठेने लावली गेली नाहीत. शेवटी जवळ योग्य वृक्ष उरले नाहीत व लाकडासाठी दूरदूरचे डोंगर धुंडाळावे लागले. पुढे लाखो यात्रेकरू इसेला येऊ लागले. त्यांच्या जळणासाठीही हेच डोंगर उघडे पडले. वृक्षांची मुळे गेली की माती सुटते आणि पावसाचे पाणी अडविणारे कोणी राहत नाही. १९१८ साली इसुझु नदीला मोठा पूर आला आणि नगराचे फार नुकसान झाले. मंदिराचे वीस वर्षांचे वेळापत्रक लोकांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळले होते. परंतु ज्या अरण्यातून मंदिर येत होते, त्याचे दोनशे वर्षांचे वेळापत्रक त्यांच्या ध्यानातून निसटले होते.

चूक उमगल्यावर मात्र त्यांनी ती मनावर घेतली. १९२३ साली मंदिराच्या अरण्यासाठी एक योजना आखण्यात आली. तिची मुदत पाच-दहा वर्षांची नव्हती. ती दोनशे वर्षांची होती. सुमारे ५,५०० हेक्टर वनभूमीत हिनोकीची लागवड करावयाची, त्यांत रुंद पानांची झाडेही राखावयाची म्हणजे माती धरून राहील, आणि दोनशे वर्षांनी मंदिराला लागणारे जाड खांब याच डोंगरांतून मिळावयाचे, असा संकल्प होता. ज्या झाडांवर भावी महावृक्ष म्हणून भिस्त आहे, त्यांच्या बुंध्यांवर रंगाची दुहेरी कडी काढलेली असतात; भोवतीची झाडे विरळ करताना वनरक्षक त्यांना धक्का लावीत नाहीत.

ज्यांनी १९२३ साली ही रोपे लावली, त्यांपैकी कोणीही त्यांचे खांब झालेले पाहणार नव्हते. त्यांचे पुत्र पाहणार नव्हते. नातूही पाहणार नव्हते. तरी त्यांनी खड्डे खणले. २०१३ सालच्या सेंगूत या अरण्यातील विरळणीतून मिळालेल्या लाकडाचा काही भाग प्रथमच वापरता आला. मंदिराच्या स्वतःच्या डोंगरातील लाकूड मंदिराला मिळण्याची ही सुमारे सातशे वर्षांतील पहिली वेळ होती. जाड खांबांसाठी मात्र अजून किसोच्या जुन्या वृक्षांकडेच जावे लागते. दोनशे वर्षांपैकी निम्मी वर्षे नुकतीच सरली आहेत.

असा विचार आपल्याकडे कोणी केला नाही, असे समजू नका. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात मराठी राज्याच्या कारभाराचे धडे आहेत. आरमाराच्या जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे, हे त्यात सांगितले आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, असा तेथे स्पष्ट इशारा आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे कारणही दिले आहे. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊन ते घ्यावे. बळजबरी करू नये, अशी ती शिकवण आहे. जहाज बांधणाऱ्याने झाडाचे वय आणि झाड लावणाऱ्याचे मन या दोहोंकडे पाहावे, हा विचार आपल्या भाषेत तीनशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे.

इसेचे अनुकरण करून आपण आपली घरे दर वीस वर्षांनी पाडावी, असा या हकिगतीचा अर्थ नाही. तसे करणे परवडणारही नाही आणि शहाणपणाचेही होणार नाही. दगडाची वास्तू दगडासारखी जपावी, लाकडाची लाकडासारखी. परंतु शाळा असो, पूल असो वा साधे घर असो, बांधू पाहणाऱ्याने आपल्या मनाशी काही प्रश्न विचारावेत. हे कशाचे बांधतो आहोत, आणि ते जेथून आणतो तेथे पुन्हा काही उगवेल ना? हे बिघडले तर दुरुस्त करू शकणारे हात गावात राहतील ना? याचे आयुष्य संपल्यावर याच्या दगडविटांचा, लाकूडलोखंडाचा कोणाला उपयोग होईल ना? या प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी शोधली, त्याची वास्तू लहान असली तरी दूरवर पाहणारी ठरते.

आज तुम्ही अकरा-बारा वर्षांचे आहात. इसेच्या डोंगरातील १९२३ सालचे झाड २१२३ साली खांब होण्याजोगे होईल. ते पाहावयास तुम्ही नसाल, मीही नसेन. परंतु आज त्या झाडाभोवतीचे तण कोणी तरी काढीत असेल. आपल्या गावात वैशाखाच्या उन्हात कोणी तरी छपरावर चढून फुटके कौल बदलीत असेल. पाऊस येण्यापूर्वी त्याला खालून एकेक कौल वर देण्याचे काम तुमच्यासारख्या मुलांचेच असते. ते देताना तो वर काय करतो आहे, तेही नीट पाहून ठेवा.

स्वाध्याय

१. इसेच्या मंदिराचे वय सांगणे अवघड का आहे?

२. ‘होर्यूजीने लाकूड जपले, इसेने बांधण्याची कृती जपली.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

३. जुन्या मंदिराच्या खांबांचा प्रवास आपल्या शब्दांत लिहा.

४. सव्वाशे वर्षांच्या खंडामुळे काय गमावले गेले? लेखी नोंद असूनही ते परत का आले नाही?

५. १९१८ सालचा पूर आणि १९२३ सालची योजना यांचा परस्परसंबंध दाखवा.

६. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखादी जुनी वास्तू पाहा. ती कशाची बांधली आहे, तिची दुरुस्ती कोण करते आणि ते काम शिकणारे कोणी आहे काय, याची घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.